बर्फावरचा हात

प्लास्टर कापलं त्या दिवशी हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "छान जुळलंय. आता बिनधास्त कामाला लागा." धम्मदिनानं मान डोलावली. तिचा उजवा हात मांडीवर होता, त्यावर दवाखान्यातल्या पंख्याचा वारा येत होता, आणि नुसत्या त्या वाऱ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. डॉक्टरांना वाटलं, बाई सुटली म्हणून रडते आहे.

ती अंबाडीजवळच्या दिघाशी गावची सून. भिवंडीच्या वाटेवरच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. बेल्टवरून खोकी यायची, त्यांवर स्टिकर लावून पुढं ढकलायची, असं काम. एके दिवशी एक खोकं रोलरपाशी अडकलं. ते ओढायला तिनं हात घातला आणि बेल्टनं तो मनगटापर्यंत आत घेतला. बेल्ट थांबवायचं लाल बटण जवळच होतं. पण ते चुकून दाबलं जातं, काम खोळंबतं, म्हणून सुपरवायझरनं त्यावर पुठ्ठा ठेवून चिकटपट्टी मारली होती. बायका नखांनी ती पट्टी सोलेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

गोदामाचं लेबर कंत्राट प्रितेशकडं होतं. जमीनही त्याचीच, जिथं त्याचा आजा भात लावायचा तिथं आता पत्र्याच्या शेड होत्या. धम्मदिनाचा नवरा मिलिंद आणि प्रितेश अंबाडीच्या शाळेत एका वर्गात होते. अपघात झाला तेव्हा प्रितेशनं स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, ऑपरेशनचा खर्च केला, घरी सफरचंदं घेऊन आला. "वहिनी, तुमी घरच्या. कसली काळजी करू नका," असं म्हणाला. तो खोटं बोलत होता असं नव्हे. हात बरा होईल आणि विषय संपेल असं त्याला खरंच वाटत होतं.

हात बरा झाला नाही. हाड जुळलं, जखम भरली, आणि त्या भरलेल्या जखमेच्या आत कुणीतरी चूल पेटवून ठेवल्यासारखी आग सुरू झाली. मिरची वाटून चोळावी तशी. ओढणीचं टोक लागलं तरी ती कळवळायची. आंघोळीला तो हात वर धरून बसायची. कधी तो सुजून वांग्यासारखा जांभळा व्हायचा, घामानं थबथबायचा. कधी फिका पडून अगदी साधा दिसायचा, तरी आतून धुमसत राहायचा. सासू कौसल्या तिचे केस विंचरायची, भाकऱ्या थापायची, आणि शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "हाड जुललाय म्हनतात. मंग दुखतं ते काय दुखतं, डाक्टरलाच म्हाईत न्हाय."

खूप फिरल्यावर मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात दुखण्याचेच वेगळे डॉक्टर असतात असं कळलं. त्या डॉक्टरांनी हात लांबूनच पाहिला, हात लावण्याआधी तिला विचारलं. तेवढ्यानंच तिला भरून आलं. "दुखापत संपली," ते म्हणाले, "पण नसांना ते कळलेलं नाही. त्या अजून ओरडतायत. तुम्ही नाटक करत नाही. हा आजार आहे, त्याला नाव आहे." औषधं दिली, व्यायाम दिले. "गार पाण्यापासून जपा. बर्फ तर अजिबात नको. कुणी शेक-बर्फ सांगेल, ऐकू नका."

मिलिंद प्रितेशकडं गेला, भरपाईचं बोलला. प्रितेशनं खुर्ची दिली, चहा मागवला. "अरे, त्या रामनाथची दोन बोटं तुटली कटरमधी, त्याला मी दिलं का न्हाय? वाद घातला का? बोटं गेली ते दिसतंय. वहिनींचा हात तर शाबूत हाय. मी वरच्या कंपनीला काय दाखवू?"

मिलिंदनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. धम्मदिना हाताकडं बघत म्हणाली, "तोडूनच पडला असता तर बरं झालं असतं." कौसल्या परातीत पीठ मळत होती. त्या दिवसापासून तिनं विळी वर माळ्यावर ठेवायला सुरुवात केली.

विहारात एकदा कामगारांच्या कायद्यावर बोलायला नेत्रा मॅडम आल्या होत्या. ठाण्याच्या वकील, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी केस घेतली. कोर्टात तारखा पडू लागल्या. प्रितेशचं म्हणणं असं की हात बरा झालाय, बाईला काम करायचं नाही. शेवटी कोर्टानं सांगितलं, सरकारी डॉक्टरांच्या बोर्डासमोर हात तपासा, मग बघू. नेत्रा मॅडमनी बजावलं, "तिथं रडायचं नाही, वाढवून सांगायचं नाही, लपवायचंही नाही. डॉक्टर बघतात ते लिहितात. सगळी केस त्या कागदावर आहे."

बोर्डाच्या दिवशी सकाळी धम्मदिना जागी झाली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हात दुखत नव्हता. म्हणजे दुखत होता, पण लांबून, पलीकडच्या आळीत कुणी भांडत असावं तसा. सूज उतरली होती. रंग डाव्या हातासारखाच. असा दिवस यावा म्हणून तिनं किती वाट पाहिली होती! आणि तो आला होता नेमका बोर्डाच्या दिवशी.

मिलिंदनं स्वतःची रिक्षा काढली. अंबाडी सोडल्यावर रस्त्याचे खड्डे सुरू झाले. एरवी प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळायची. आज तिला वाटत होतं, अजून एक बसू दे. भिवंडी गेली, खाडीचा पूल गेला, आणि हात तसाच शांत.

"आज बरं दिसतंय," मिलिंद आरशातून बघत म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि आनंदाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. आजवर तो हात त्याला इतका धडधाकट दिसला नव्हता. घरात बसून माणसाला शंका येतातच, त्यालाही कधीमधी येत. तिला ते माहीत होतं.

दवाखान्याच्या फाटकापाशी त्यानं तिला उतरवलं आणि रिक्षा लावायला गेला. फाटकाशेजारी रसवंतीची गाडी होती. गोणपाटावर बर्फाची अख्खी लादी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. धम्मदिना तिच्याकडं बघत उभी राहिली. मुंबईच्या डॉक्टरांचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. ते आठवत होते म्हणूनच ती पुढं झाली. तिनं उजवा हात उचलला आणि पंजा पालथा लादीवर दाबून धरला.

पहिल्या क्षणी काहीच नाही. मग खांद्यापर्यंत वीज गेली. डाव्या हातानं तिनं गाडीचं लाकूड घट्ट धरलं.

"अरे दीदी, क्या कर रही हो? हाथ हटाओ!" रसवाला ओरडला. तिनं हात काढला नाही.

मिलिंद तोपर्यंत आला होता. त्यानं तिला मागं ओढलं. तिचा पंजा पांढराफटक झाला होता आणि बघता बघता लाल, मग जांभळा होत होता.

"हे काय केलंस तू?"

"दुखतंय ते खरंच हाय," ती धापा टाकत म्हणाली. "आज नुसतं दिसत नव्हतं."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या क्षणी त्याच्या मनातली शेवटची शंका गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं हे त्याला कळलं नाही.

बोर्डात तीन डॉक्टर होते. एकानं कापूस फिरवला, तेव्हा ती खुर्चीतून उठली. दुसऱ्यानं बोटं वाकवायला घेतली आणि तिला फरशी वर येताना दिसली. शुद्धीवर आली तेव्हा एक तरुण डॉक्टरीण विचारत होती, "हात असा ओला कसा?"

"घाम येतो," धम्मदिना म्हणाली. एरवी यायचाच.

बोर्डानं हात निम्म्याहून जास्त निकामी धरला. नेत्रा मॅडमनी फोन करून सांगितलं, "आपलं काम झालं समजा." कौसल्यानं शेजारी साखर वाटली.

पण त्या दिवशी चढलेली आग उतरली नाही. आधी मनगटाशी थांबायची ती कोपरापर्यंत आली. कोपरावरून दंडात. बोटं आत वळायला लागली. तशी एक सकाळ पुन्हा यावी म्हणून ती रोज डोळे उघडायच्या आधी हाताचा अंदाज घ्यायची. तशी सकाळ काही आली नाही. बर्फाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. नेत्रा मॅडमना नाही, मुंबईच्या डॉक्टरांना नाही. मिलिंदनंही घरात तो विषय काढला नाही.

घराबाहेर मात्र निघाला. अंबाडी नाक्यावर रिक्षावाले चहा पीत होते. प्रितेशची गाडी थांबली. काच खाली करून तो हसत म्हणाला, "काय मिलिंद, बोर्डाला पण गुंडाळलं वहिनींनी! नाटकात घाला त्यांना."

सगळे बघत होते. मिलिंदच्या डोक्यात तिडीक गेली. "नाटक? अरे, त्या दिवशी हात बरा दिसत होता म्हणून तिनं बर्फाच्या लादीवर ठेवला तो! माझ्या डोळ्यांदेखत. मेली असती तिथं. इतकं कोन नाटक करतं रं?"

त्याच्या लेखी याहून मोठा पुरावा जगात नव्हता. प्रितेशनं काच वर घेतली.

पुढच्या तारखेला धम्मदिना साक्षीला उभी राहिली. प्रितेशचा वकील वयस्कर होता, मऊ बोलायचा. "ताई, बोर्डासमोर जायच्या आधी तुम्ही हात बर्फावर ठेवला होता, हे खरं आहे का?"

तिनं मिलिंदकडं पाहिलं. तो बाकावर बसला होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, जणू हा प्रश्न त्यालाच विचारला होता.

"साहेब, त्याचं असं हाय की..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"हात ओला होता अशी नोंद बोर्डाच्या कागदात आहे. डॉक्टरांनी त्याबद्दल विचारलं, तेव्हा सांगितलंत का?"

"न्हाय."

तिला पुष्कळ सांगायचं होतं. चांगल्या हाताला बर्फ लावला तर तो असा होतो का, हे तरी कुणी विचारावं. नेत्रा मॅडमनी उलट प्रश्न विचारून ते काढायचा प्रयत्न केला, पण त्यांचाही आवाज उतरला होता. टायपिस्टनं 'हो' आणि 'नाही' लिहून घेतलं होतं, आणि त्या दोन शब्दांवर बोर्डाचा सगळा कागद मोडून पडला.

बाहेर व्हरांड्यात नेत्रा मॅडम म्हणाल्या, "मला आधी सांगायला हवं होतं. निदान तयारी केली असती." मग म्हणाल्या, "अजून गेलेलं नाही. आपण नवं बोर्ड मागू. आता हात कुणीही बघितला तरी..."

"परत दाबून बघतील?"

"तपासावं तर लागेलच."

धम्मदिना पायऱ्या उतरू लागली.

परतताना खाडीचा पूल लागला. पूल ओलांडल्यावर मिलिंदनं रिक्षा बाजूला घेतली आणि हँडलवर डोकं टेकलं. "मी सांगितलं. नाक्यावर. तो तुला नाटकी म्हनाला, मना सहन झालं न्हाय."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय गावातल्या कुणी बघितलं होतं?"

"शिव्या तरी घाल."

"कुणाला घालू? बर्फावर हात मी ठेवला." मग म्हणाली, "चला. आई वाट बघत असतील."

तडजोडीचा निरोप प्रितेशनंच पाठवला. देऊ केलं ते बोर्डाच्या हिशेबानं मिळालं असतं त्याच्या जवळपासही नव्हतं. नेत्रा मॅडमनी नको म्हणून सांगितलं, तासभर समजावलं. मिलिंदही म्हणाला, लढू. धम्मदिना ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुमी लढाल. दाबून बघणार माझा हात."

सहीच्या दिवशी प्रितेश पांढऱ्या कपड्यांत आला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याची नजर तिच्या हातावर थांबली. दंड छातीला चिकटून बसला होता, बोटं पक्ष्याच्या पायासारखी आत वळलेली. "वहिनी..." तो म्हणाला. त्याच्या वकिलानं त्याला आत नेलं.

न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ही तडजोड राजीखुशीनं करताय ना, बाई?"

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "कंटाळून करते."

न्यायाधीशांनी मान वर केली. टायपिस्टचे हात थांबले. नेत्रा मॅडम हळूच म्हणाल्या, "धम्मदिना, असं म्हटलंस तर ते मंजूर करणार नाहीत."

मग ती जे म्हणायचं ते म्हणाली, आणि डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर काढत, सही केली.

पैसे आले ते औषधांत आणि रिक्षाच्या कर्जात गेले. पावसाळा संपता संपता आग खांद्याच्या वर मानेत शिरली. मुंबईच्या डॉक्टरांकडं ती गेली तेव्हा मिलिंदला बाहेर बसवून तिनं एकटीनं त्यांना सगळं सांगितलं. "डॉक्टर, बर्फानं झालं का हे?"

"बर्फ लावला नसता तरी कदाचित चढलंच असतं," ते म्हणाले. "कदाचित नसतंही. हे कुणालाच सांगता येणार नाही."

ती बाहेर आली. मिलिंद लगबगीनं उठला, तिच्या डाव्या बाजूला आला, पिशवी घेतली. "काय म्हनाले?"

"औषध बदललं," धम्मदिना म्हणाली आणि जिन्याकडं वळली.