सरावाची फाईल

छोटी सिस्टर या कामात भलतीच तरबेज निघाली. प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी तिने वॉर्डातल्या जुन्याजाणत्या सिस्टरांना मागे टाकलं. काम असं, की डॉक्टरांचं लिखाण वाचायचं, प्रत्येक आजाराचा ठरलेला कोड शोधायचा आणि कॉम्प्युटरात भरायचा. शिकवणाऱ्या सरांचा एकच हेका होता: डॉक्टर नुसती शंका घेत असतील तर लक्षणाचा कोड घाला, आजाराचा नाही.

सरावाला दाखल पेशंटच्याच फायली होत्या, नावांवर काळी पट्टी मारलेल्या. तिच्या शेवटच्या फाईलमध्ये लिहिलं होतं, 'खोकला. क्षयाची शंका. तपासणी बाकी.' दुपारचे चार वाजत आले होते. सगळ्यांआधी संपवायच्या नादात तिने सरळ क्षयाचा कोड ठोकून दिला.

सकाळी फाईल उघडली तर शंका गायब. 'क्षय. थुंकीतून रक्त.' अक्षर डॉक्टरांचंच, खाडाखोड कुठेच नाही. काल घाईत न वाचलेली एक ओळही आता दिसली: डाव्या पायाला सहा बोटं. तिचा मामा वरच्याच मजल्यावर साध्या खोकल्यासाठी दाखल होता, आणि त्या सहाव्या बोटावरून तिने त्याला लहानपणापासून पिडलं होतं.

ती धावत जिना चढली. मामाच्या उशीवर लाल डाग होते.

"काल चारपर्यंत ठणठणीत होतो गं," तो म्हणाला. "मग एकदम आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं."

खाली येऊन तिने सरांच्या हातापाया पडून कोड बदलायची परवानगी मागितली. सर जराही चिडले नाहीत. लिखाणात क्षय आहे, म्हणजे कोडही तोच, एवढंच म्हणाले. शेवटचा रकाना मात्र तिने कोरा ठेवला होता. त्यात दोनच पर्याय होते: घरी गेला किंवा दगावला.

"तू भरतेस की मी भरू?" सरांनी विचारलं. त्यांचं बोट दुसऱ्या पर्यायावर जाऊन थांबलं होतं.

तिने झटकन 'घरी गेला' दाबलं. फाईल बंद झाली.

वर मामाचा पलंग रिकामा होता, चादरीवर एक सुरकुती नाही. तो मघाशीच चालत गेला, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. ती धापा टाकत मामाच्या घरी पोचली. तो खुर्चीत बसून खोकत होता, हातातला रुमाल भिजून लाल झालेला. मामी रडकुंडीला आली होती. असा अर्धवट उपचार टाकून कुणी येतं का, म्हणत होती.

दोघींनी त्याला दंडांना धरून उठवलं. गाडी दारातच उभी होती. मामा उंबऱ्यापर्यंत नीट चालत आला, आणि तिथे त्याचे पाय रुतले. दोघींनी जीव खाऊन ओढलं. तो घामाने निथळला, पण तसूभर हलला नाही.

"ओढू नका," तो हळूच म्हणाला. "मला घरीच ठेवलंय."

"कुणी ठेवलंय?" मामी ओरडली.

मामा भाचीकडे बघत खोकत राहिला.