दिगंबरपंतांची तिसरी बायको

सुरतेहून आलेल्या एका वलंदेज, म्हणजे डच, व्यापाऱ्यानं सरदार हिंदुरावांना बियांची पुरचुंडी नजर केली, आणि दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या बुधवार पेठेला झाडांतलं कळायला लागलं. चिनाच्याही पलीकडे जपान नावाचं बेट आहे, तिथलं हे झाड. पान हाताच्या पंजासारखं, आणि थंडी पडली की सगळं झाड कुंकवासारखं लाल होतं म्हणे. बिया जोडीजोडीनं होत्या आणि प्रत्येकीला एक पातळ पंख होता. ते पाहून एका शास्त्रीबुवांनी सांगितलं, बी उडून जाईल, पंख आधी खुडा. दुसऱ्यांनी मुहूर्त काढून दिला. तिसऱ्यांनी दुधात भिजवायला लावलं. मग भर चैत्रात, टळटळीत उन्हात, ताज्या शेणात बी पुरलं आणि वर सनई वाजवली. एवढा मान मिळाल्यावर कोणतं बी उगवेल? सगळं कुजून गेलं. झाडच खोटं निघालं, असा निवाडा झाला.

हिंदुरावांच्या आबदारखान्यावर दिगंबरपंत होते. आबदारखाना म्हणजे सरकारांचं पिण्याचं पाणी गार करायची जागा. मोठ्या घंगाळातल्या पाण्यात सोऱ्याचा खार विरघळवायचा, म्हणजे ते थंडगार पडतं, आणि त्यात सुरया उभ्या करून फिरवत राहायच्या. सरकारांच्या घशाला गारवा मिळावा म्हणून पंत दिवसभर घाम गाळत.

पंख खुडायच्या गर्दीत तशाच सांडलेल्या चार बिया पंतांच्या बायकोनं, चिमानं, पदराला बांधून घरी आणल्या. तिला शास्त्र येत नव्हतं, त्यामुळे तिनं पंख खुडले नाहीत. ओली वाळू भरलेल्या मडक्यात बिया दाबल्या आणि मडकं माजघरात ठेवलं. आषाढात ती तापानं अंथरुणाला खिळली. पंत उपरण्याखाली सुरई लपवून घरी गार पाणी आणत. ती अर्धं पिई आणि अर्धं मडक्यात ओती.

"अगं, तू पी की सगळं," पंत म्हणत.

"अहो, तेही परमुलखात आलंय. त्याला कोण विचारणार?"

श्रावणात चिमा गेली. मडक्यातून तोवर काहीच वर आलं नव्हतं.

वाईहून पंतांच्या काकू आल्या. आल्या त्या सांत्वनाला, पण तेराव्याच्या पंगतीत लाडू वाढता वाढता त्यांनी वाघोलीचं एक स्थळ सांगून टाकलं.

"काकू, दोन झाल्या. पुरे," पंत म्हणाले. पहिली बायको लहानपणीच देवीच्या साथीत गेली होती. तिचा चेहराही त्यांना धड आठवत नसे. चिमाचा मात्र आठवे, आणि दुसरा कुठला बघायची त्यांना इच्छा नव्हती.

"पुरे काय? घरात चूल कोण पेटवणार?"

"मी पेटवतो."

"पाहिलं काल. भात होता की खळ होती?"

काकूंनी चिमाची लुगडी वाटून टाकली, भांडी उजळून घेतली. मडक्याकडे हात गेला तेव्हा पंतांनी ते उचललं आणि आबदारखान्यात नेऊन सोऱ्याच्या गार घंगाळापाशी, सुरयांच्या मागे ठेवून दिलं. उगवेल म्हणून नव्हे. काकूंच्या हाती लागू नये म्हणून. पावसाळा गेला, थंडी आली. पंत सवयीनं त्यावर पाणी शिंपडत राहिले.

माघात मडक्यातून एक रोप वर आलं. बोटभर उंच, लालसर काडी, तिला दोन पानं. मग तिसरं पान आलं, ते मात्र खरंच पंजासारखं. पंतांनी मडकं घरी आणून ओसरीवर ठेवलं. कामावरून आले की पगडी काढायच्या आधी ते रोपाकडे बघत. काकूंनी हे चार दिवस पाहिलं आणि निदान केलं: चिमाचा जीव या रोपात अडकलाय, म्हणून हा लग्नाला उभा राहत नाही.

पंतांना तसलं काही वाटत नव्हतं. चिमा गेली ती गेली. तिनं लावलेलं उगवलं, एवढंच होतं. पण एवढंसं लोकांना पटत नाही.

आता तिसरं लग्न म्हणजे अशुभ. तिसरी टिकत नाही म्हणतात. म्हणून आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, झाड उपटून नदीत सोडायचं, म्हणजे अशुभ त्याच्याबरोबर जातं आणि खरी नवरी चौथी ठरते. अशी काकूंच्या घरची रीत. काकूंनी त्यात सुधारणा केली. रुई कशाला? याच रोपाशी लग्न लावू. एकाच बुडीत अशुभही गेलं आणि चिमाही गेली.

लग्न लावायला बोलावलेले दत्तंभट म्हणाले, "काकू, शास्त्रात रुई सांगितली आहे हो."

"शास्त्र लिहिणाऱ्यांनी हे झाड पाहिलं होतं का?"

"नाही."

"मग नको कुठे म्हटलंय? तुमच्यासाठी शालजोडी काढून ठेवलीय."

शालजोडीचं नाव निघताच भटजींना शास्त्राचा नवा अर्थ सुचला. आणि सहा महिने नाही नाही म्हणणारे पंत चक्क हो म्हणाले. काकूंनी आनंदानं डोळे पुसले. तिथंच त्यांनी संशय घ्यायला हवा होता.

मुलीचे वडील हैबतपंत वाघोलीहून मुद्दाम आले. त्यांची एकच अट होती. "बिजवर चालेल, तिजवर चालेल. पण सवतीवर मुलगी देणार नाही."

मडक्याला पिवळं फडकं गुंडाळलं, कुंकू लावलं, अंतरपाट धरला. अंतरपाट मडक्यापेक्षा चौपट उंच होता. मंगलाष्टकं झाली. पंत मडकं कडेवर घेऊन होमासमोर सात पावलं चालले.

"हं, उपट आता," काकू म्हणाल्या. "मुठेला पाणी आहे तोवर सोडून ये."

पंत मडकं मांडीवर घेऊन बसले. "कुणाला उपटू?"

"रोपाला!"

"काकू, आत्ता सप्तपदी झाली. सून घरात आणायची आणि तिसऱ्या प्रहरी नदीत ढकलायची, ही वाईची रीत असेल. पुण्यात नांदवतात."

"दिगंबरा, थट्टा पुरे! भटजी, सांगा याला, हे काही खरं लग्न नव्हे."

दत्तंभटांनी खांद्यावरची शालजोडी चाचपली. लग्न खोटं म्हणावं तर शाल कशाबद्दल? "लग्न शास्त्रोक्त लागलं आहे," ते म्हणाले. "मी स्वतः लावलं आहे."

हैबतपंतांनी घसा खाकरला. "पंत, हे झाड किती वर्षं जगतं?"

"वलंदेज सांगत होता, शंभर तरी."

"म्हणजे सवतच की! आणि आमच्या मुलीला पुरून उरणारी." त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली. जेवून मात्र गेले.

सगळे पांगल्यावर काकू ओसरीच्या कडेला बसल्या. "फसवलंस मला."

"मी? स्थळ तुम्ही आणलंत. सोयरीकही तुम्हीच जुळवलीत."

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चेष्टा राहू दे रे. माणूस लागतं घरात."

"माहीत आहे," पंत म्हणाले. "होतं."

आजवर कुणी चिमाचं नाव काढलं की ते काहीतरी तिरकस बोलून वेळ मारून नेत. आज ते जमलं नाही. उपरण्याचा शेव डोळ्यांना लावून ते तसेच बसले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग मडक्याकडे. कलतं ऊन ओसरीवर चढत होतं आणि त्या तिसऱ्या पानाची कड वाळायला लागली होती.

"ऊन आलं," काकू म्हणाल्या. "तिला आत घे."

पंतांनी मडकं उचलून माजघरात नेलं.