गिरधर आप्पांचा उपाय

तळोद्याच्या बसस्टँडसमोर दीपमालाचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. तिच्या हाताखालून गेलेल्या लग्नांत रुसलेले मामासुद्धा हसताना दिसत. पण गिरधर आप्पांच्या मुलीचं, काजलचं, लग्न तिच्या कॉम्प्युटरला झेपत नव्हतं. एक गाणं जोडायला अर्धा तास. त्यात आज दुपारी काजलच्या सासरची मंडळी जेवायला येणार होती आणि आप्पांनी त्यांना लग्न दाखवायचं कबूल करून टाकलं होतं.

सकाळी मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचा वेग वाढवा, कॉम्प्युटर पळायला लागेल. दीपमालाने वाढवला. चांगला हात सैल सोडून वाढवला.

पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. स्क्रीन काळी ती काळीच.

तिने वायरी हलवल्या, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या. काहीच नाही. तेवढ्यात आप्पा दारात. डोंगरातल्या गावांना जीप चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"काय व्हयनं, बेटा?"

"सुरूच व्हत नही, आप्पा."

"बॅटरी काढी टाक. थोडा येळ थांब, परत लाव. मन्ही जीप असंच करस."

"आप्पा, हाई काय जीप शे का?" म्हणत तिने नाशिकला हेमकांतला, तिच्या दिराला, फोन लावला. तो कॉम्प्युटरच दुरुस्त करायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "वहिनी, वीज बंद करा. बोर्डावर नाण्याएवढा सेल दिसेल, तो काढा. पाच मिनिटं थांबून परत लावा. तुम्ही केलेली सेटिंग बोर्ड विसरून जाईल."

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. ते दीपमालाला चांगलंच लागलं.

पाच मिनिटांनी सेल बसवला, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. फक्त तारीख मागे जाऊन २०१७ सालात बसली होती.

"म्हनजे काजलनं लगीन अजून व्हयनंच नही!" आप्पा घाबरले.

दीपमालाने तारीख सुधारली, लग्न जागेवर असल्याचं दाखवलं आणि पुन्हा वेगाच्या वाटेला न जाता काम सुरू केलं. ते सावकाश चाललं, म्हणून आप्पा शेजारी बसून पाहत राहिले. पाठवणीत मांडवाच्या खांबामागे एक माणूस उपरण्यात तोंड खुपसून हमसून रडत होता.

आप्पा ताडकन उठले. "मन्हा डोयामा कचरा गया व्हता. काढी टाक ते!"

दीपमालाने त्या खांबाकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आते काही काढता येवाव नही, आप्पा," ती गंभीरपणे म्हणाली. "काढं तर कॉम्प्युटर परत बंद पडी."

आप्पांनी कॉम्प्युटरकडे भीतीने पाहिलं आणि काम संपताच लग्नाचा पेनड्राइव्ह खिशात घालून जीपकडे निघाले.