बोगीची मुळं

लेकाने बायकोचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा त्याची आई शेजारच्या खोलीत बी निवडत बसली होती. त्याने दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा ती उठून आली, त्याचं मनगट तोंडात धरलं आणि रक्ताची चव लागली तरी सोडलं नाही. तो ओरडत मागे सरला. त्याच संध्याकाळी त्याचे कपडे खताच्या गोणीत कोंबून तिने गोणी रस्त्यावर फेकली.

"बाप मेला तेव्हा वाटलं, सुटले," ती दारातून म्हणाली. "तर हा त्याचीच गादी चालवायला बसलाय!"

सून तिथेच राहिली. तिला जायला दुसरं घर नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, पोटच्या पोराला हाकलून परक्याच्या पोरीला ठेवलं, हे काहीतरी जगावेगळंच. सासू म्हणायची, "जगाने माझे दात बघितलेत, आता गप्प बसावं."

घरामागे उतारावर सासूची रोपवाटिका होती. पुढे गुलाब, जास्वंद, लिंबाची कलमं. मागे, हिरव्या जाळीखाली, तिचा खरा जीव होता. आफ्रिकेतल्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारं एक औषधी झुडूप, नाव इबोगा. सासूच्या तोंडी त्याची 'बोगी' झाली होती आणि गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी, इंजिन कुठंय?" एका संशोधन संस्थेने तिला बिया दिल्या होत्या. बोगीचे नखरे फार. ऊन लागलं की पानं करपतात, गारठा पडला की माना टाकते, पाणी साचलं की मुळं कुजतात. औषध असतं मुळाच्या सालीत, आणि तिथेच खरी मेख. मुळं उपटली की झाड गेलं. म्हणून संस्थेची बाई आली की सासू एका अंगाने माती उकरायची, बाजूच्या मुळाचा बोटभर तुकडा कापून द्यायची आणि खड्डा पानांच्या खताने बुजवायची.

सुनेला सुरुवातीला ती झुडपं डोळ्यांसमोर नको असायची. सासूने तिच्या हाती कोयता दिला. "तण काढ. ज्याचं तोंड आठवेल त्याचं नाव घे आणि काढ."

सून दात-ओठ खात तण छाटायची. एकदा त्या भरात तिने बोगीचं पोसलेलं रोपच बुडातून उडवलं. सासूचा हात सपकन वर गेला आणि सुनेने डोळे मिटून मान खाली घातली. हात हवेतच थांबला. सासू कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल, चहा टाक."

त्यानंतर सून हळूहळू काम शिकली. अळ्या बोटांनी चिरडायच्या, पाणी झारीनेच घालायचं, आणि तेही मातीत बोट खुपसून ओल बघितल्यावर. पहिली फुलं आली तेव्हा तिने सासूला हाक मारून बोलावलं. एवढीशी, पांढरट, आत गुलाबी ठिपके.

"एवढंच?" सून म्हणाली. "डोंगर पोखरून उंदीर काढला की आपण, आई!"

सासू इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दोनेक वर्षांनी लेक परत आला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. दारू सोडली म्हणाला. सुनेने आपल्या खोलीला आतून कडी लावली. आईने मात्र त्याला अवजारांच्या खोलीत झोपायला जागा दिली. तो सकाळी उठून गोण्या वाहायचा, फाटलेली जाळी शिवायचा. हात लहानपणापासून मातीत मुरलेले, त्याला काही सांगावं लागायचं नाही. आई त्याला जेवताना बघायची आणि तिचा चेहरा मऊ व्हायचा.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आई," सून म्हणाली.

"पोटचा गोळा आहे गं."

"माझं डोकं त्या गोळ्यानेच फोडलं होतं."

सासू ताट उचलून मोरीकडे गेली.

एका दुपारी सासू हातगाडी घेऊन पानांचं खत आणायला गेली होती. ती वळणाआड जाताच एक टेम्पो मागच्या फाटकाशी लागला. लेकाबरोबर दोघेजण उतरले, खांद्यावर कुदळी आणि पहार. मुळाची साल चोरून विकत घेणारी माणसं त्याने कुठून तरी हुडकून काढली होती. आल्या दिवसापासून त्याचं लक्ष त्या सालीवरच होतं. शिवलेली जाळी त्याने स्वतःच टराटरा फाडली.

मुळं तुटल्याचा काडकाड आवाज ऐकून सून धावत आली. निम्मी ओळ आडवी पडली होती. खोडं धरून, पाय रोवून, केस उपटावेत तशी ती माणसं झुडपं उपटत होती. सून उरलेल्या झुडपांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात लावशील तर बघ."

"बघू ना," तो म्हणाला आणि कुदळीचा दांडा त्याने तिच्या तोंडावर हाणला.

जबडा मोडल्याचा आवाज तिला कानातून नाही, आतून आला. ती पडली. तोंडातून रक्त आणि एक दात मातीत पडला. ती उठायला लागली तर त्याने बरगडीत लाथ घातली. ती पुन्हा उठायला लागली. त्याने पुन्हा लाथ घातली. बरोबरचा एकजण म्हणाला, "अरे सोड ना, मरेल ती." तो सोडायला तयार नव्हता. मुळं बाजूलाच राहिली होती. दोन वर्षं साठवलेलं सगळं तो तिच्या अंगावर रिकामं करत होता.

सासू फाटकाशी आली ती हे बघत. हातगाडी तिने तिथेच सोडली. गाडी उतारावरून घरंगळत जाऊन कुंड्यांवर आदळली. आईने लेकाची कॉलर मागून धरली. त्याने वळूनही न बघता कोपर मारलं. ती फुटक्या कुंड्यांवर पडली आणि खापर तिच्या तळहातात घुसलं.

"आई, तू मध्ये पडू नको," तो धापा टाकत म्हणाला. "हा नवरा-बायकोचा मामला आहे."

तिच्या हाताला फावडं लागलं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि पात्याची कड त्याच्या गुडघ्यावर घातली. तो ओला ओंडका पडावा तसा पडला. दोघे साथीदार हाती लागलेली मुळं टेम्पोत फेकून पळाले. टेम्पोचा आवाज लांब गेला. सुनेला मारणारा आता जमिनीवर होता, कुणालाही लाथ घालण्याच्या स्थितीत नव्हता. "आई गं, आई गं," असं लहानपणी ओरडायचा तसाच ओरडत होता.

आणि तिने दुसरा घाव घातला. त्याच गुडघ्यावर. वाटी फुटली.

तिसऱ्यासाठी फावडं वर गेलं तेव्हा सून गुडघ्यांवर रांगत आली आणि तिने दांडा धरला. तिच्या जबड्यातून शब्द नीट निघेना. "पु... पुरे. आई, पुरे." सासू ओढत राहिली. सुनेने दांड्याला मिठी मारली, आपलं सगळं वजन टाकलं आणि दोघी एकमेकींवर कोसळल्या. मग कुठे सासूची बोटं सुटली.

इस्पितळात सुनेचा जबडा तारांनी बांधला. लेकाच्या पायात सळ्या घातल्या. फौजदार आला तेव्हा सून दातांमधून पुटपुटली, "मी मारलं. जीव वाचवायला मारलं." तिने मनाशी हिशेब केला होता : बायकोने मारलं तर कायदा समजून घेईल.

सासू म्हणाली, "खोटं बोलतेय. वार माझे. पहिला हिला वाचवायला."

"आणि दुसरा?" फौजदाराने विचारलं.

"दुसरा मारावासा वाटला म्हणून."

"बाई, असं बोलायचं नसतं," फौजदार कळवळून म्हणाला. "वकिलाला विचारून बोला."

"वकील तिथे होता का?"

दुसऱ्या दिवशी ती लेकाच्या खाटेजवळ डबा घेऊन गेली. त्याने तो झाकणासकट तिच्या अंगावर भिरकावला. कपाळाला खोक पडली. परिचारिका धावली, तर सासू म्हणाली, "राहू दे. पडला तो पडला, फरशी मी पुसते." ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसू लागली.

"मी पडलो होतो," तो वरून म्हणाला. त्याचा आवाज फाटलेला होता. "मी तुला हाका मारत होतो. तरी मारलंस."

"हो."

"का?"

तिने फडकं पिळलं. "राग आला होता. तुला येतो तसाच. तो किती गोड लागतो ते त्या दिवशी कळलं मला." ती उठली. "म्हणूनच तू पुन्हा माझ्या घरी यायचं नाहीस. आणि मी तुला बघायला यायचं नाही."

तो भिंतीकडे वळला. ती जिन्यात जाऊन बसली आणि ओठ घट्ट मिटून, आवाज न करता, पोट धरून रडली.

घरी आल्यावर तिने उपटलेली झुडपं बघितली. ज्यांची मुळं थोडी शिल्लक होती त्यांच्या फांद्या तिने निर्दयपणे छाटल्या, कारण एवढ्याशा मुळांना इतकी पानं पोसवत नाहीत. बांधलेल्या हाताने तिने ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि गार सावलीत पुन्हा लावली. बहुतेक वाळली. काहींना बुंध्याशी कोंब आले.

कोर्टात लेकाला चोरी आणि मारहाणीबद्दल तुरुंग झाला. आईलाही थोडी शिक्षा झाली, दुसऱ्या घावाची. सगळे म्हणाले, अन्याय झाला. ती एकटी म्हणाली, "बरोबर आहे." तुरुंगात तिला बागेचं काम दिलं, तेव्हा तिने फावड्याऐवजी खुरपं मागून घेतलं.

सून भेटीला यायची. जबडा जरा वाकडा जुळला होता, त्यामुळे हसताना तिचं तोंड एका बाजूला जायचं. नवऱ्यापासून तिने रीतसर काडीमोड घेतला होता.

"म्हणजे आता मी तुझी कोण?" सासूने जाळीतून विचारलं.

"कुणी का असेना. मागच्या ओळीत पाणी साचतंय, चर कुठून काढू ते आधी सांगा."

"वरच्या अंगाने. आणि उथळ काढ, मुळं तोडशील."

"काढते," सून म्हणाली आणि बस पकडायला निघाली.