दोन्ही काठांचा पंप

मी एक जुना पाण्याचा पंप आहे, मित्रांनो. लोखंडाला धक्का बसत नाही, अशी माणसांची समजूत असते. माझीही होती. पण एका लख्ख सकाळी, दहा वाजायच्या सुमारास, जे घडले त्याने मी असा हादरलो की अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लालबुंद लोखंड ओतले, ते निवले, आणि मी झालो. एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानशीने घासले, हातोडीने टकटक वाजवले आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे. जाऊ द्या याला." तेवढेच माझे बारसे. मग ट्रकवरून मी एका शहरात आलो. त्या शहराच्या मधून कालवा जात होता. एका बाजूला वरचे शहर, दुसऱ्या बाजूला खालचे. नदीचे पाणी ओढायचे आणि दोन मोठ्या नळांतून दोन्हीकडे ढकलायचे, हे माझे काम. कोणत्या घरात कोण राहते, कोण कोणाची बाजू घेते, हे मला कळत नसे. नळ उघडला की पाणी यायला हवे, एवढेच मला माहीत.

माझी काळजी दोन माणसे घेत. एक मिस्त्री. सकाळी आल्याबरोबर ते माझ्या बेअरिंगवर तळहात ठेवत, आई लेकराच्या कपाळावर ठेवते तसा. मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मला लावून, मूठ कानाशी धरून माझा आवाज ऐकत. "आज जरा कुरकुरतोयस रे," असे म्हणून ग्रीस भरत. दुसऱ्या होत्या क्लोरीनबाई. पाणी शुद्ध करणारा क्लोरीन वायू त्यांच्या ताब्यात असे, म्हणून सगळे गाव त्यांना याच नावाने ओळखे. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरल्याचे मला आठवत नाही. क्लोरीनने विटलेल्या त्यांच्या कोटाच्या बाह्यांचा मूळ रंग कोणता, यावर नेहमी पैजा लागत. अंगणातल्या शेडमध्ये तीन मोठी पिंपासारखी आडवी सिलिंडर होती. मिस्त्री मला जपत तसे त्या या सिलिंडरना जपत, फरक एवढाच की त्या त्यांना घाबरतही असत. म्हणत, "याच्याशी लाडात यायचं नाही. एकदा सुटला की जमिनीला धरून सरपटत येतो. आधी उतारावरची घरं गाठतो."

वीस वर्षे अशी गेली. मग देशात यादवी पेटली. एकाच देशाची माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. वरच्या शहरात सरकारी फौज आली, खालचे शहर बंडखोरांकडे गेले आणि कालव्याच्या पुलावर काटेरी तारा आल्या. फौजेचा कप्तान पंपघरात आला आणि म्हणाला, "खालच्यांचं पाणी तोडा." मिस्त्री म्हणाले, "साहेब, तो व्हॉल्व्ह जाम झालाय. जोर केला तर दोन्हीकडचं पाणी जाईल." व्हॉल्व्ह अजिबात जाम नव्हता. मिस्त्रींनी त्याचे चाक काढून क्लोरीनबाईंच्या कपाटात, जुन्या कोटांखाली दडवले होते. कप्तान गेल्यावर दोघे इतके हसले की क्लोरीनबाईंना उचकी लागली. त्या दिवसांतले ते शेवटचे हसू.

कारण मग टेकडीवरच्या तोफा खालच्या शहरावर गोळे फेकू लागल्या. दररोज. माझ्या पायाखालची जमीन थरथरे आणि पाण्याचा दाब अचानक पडे. दाब पडला की मिस्त्री समजत, खाली कुठेतरी नळ फुटला, म्हणजे घर फुटले. मिस्त्रींची एकुलती एक लेक खालच्या शहरात दिली होती. तिला दोन लहान मुले होती. फोन बंद, पूल बंद. मिस्त्री दाबाच्या काट्याकडे बघत बसत. तिच्या गल्लीला पाणी जाते आहे म्हणजे ती असेल, एवढाच त्यांना आधार.

पंपघरात एक वायरलेस संच होता, धरणाशी बोलण्यासाठीचा. एके दिवशी मिस्त्रींनी तो वेगळ्या पट्ट्यावर लावला आणि म्हणाले, "कुणी ऐकतंय का? इथं रोज माणसं मरताहेत. बाहेरच्या कुणीतरी या. या तोफा बंद करा."

क्लोरीनबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या.

"मिस्त्री, कुणाला बोलावताय तुम्ही?"

"जो येईल त्याला."

"हेच तर. कोण येणार ते तुम्ही ठरवणार का? काय घेऊन येणार, कधी थांबणार, ते तरी तुमच्या हातात आहे का?"

"बाई, बाहेरचे आधीच आलेत! पुलाजवळ पडलेल्या गोळ्याचं कवच बघा. त्यावरची अक्षरं आपल्या लिपीतली आहेत का? फौजेला तोफा पुरवणारे चालतात, आणि त्या बंद करायला कुणी आलं की आपला घरगुती मामला?"

बाई म्हणाल्या, "तुमची लेक तिकडे आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही हाक मारली असती. पण मला भीती वाटते, एवढं मात्र लिहून ठेवा."

मित्रांनो, कोणाचे बरोबर होते? मी दोघांचेही ऐकत होतो आणि मला दोघांचेही पटत होते.

हाक ऐकली गेली. आपली भाषा अडखळत बोलणारा एक परका आवाज संचातून उत्तर देऊ लागला. मिस्त्री त्याला 'पाहुणा' म्हणत. तो रोज विचारी, किती गोळे पडले, किती माणसे गेली. आणि मिस्त्रींनी सांगितले की म्हणे, "नोंद झाली." दूरच्या एका मोठ्या सभागृहात अनेक देश जमले होते, हे आम्ही रेडिओवर ऐकत होतो. जावे की न जावे, यावर भाषणे चालली होती. कोणी म्हणे, दुसऱ्याच्या घरात शिरू नये. कोणी म्हणे, घर जळत असताना दार वाजवत बसू नये. तीन महिने ते बोलत होते. त्या तीन महिन्यांत मी खालच्या शहरातल्या अकरा गल्ल्यांचा दाब कायमचा गमावला.

आणि मग विमाने आली. पहिल्याच दिवशी टेकडीवरच्या तोफा थंडावल्या. मला आधी ती शांतता समजेना. थरथर नाही म्हणजे माझेच काहीतरी बिघडले, असे वाटले. पाचव्या दिवशी पुलावरच्या तारा कोणीतरी कापल्या आणि मिस्त्रींची लेक धावत पंपघरात आली. एक मूल कडेवर, एक बोटाला. मिस्त्री तिच्या कपाळावर तळहात ठेवून उभे राहिले. क्लोरीनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "हरले मी, मिस्त्री. बोलावलंत ते बरं केलंत." मित्रांनो, तो दिवस खरा होता. पुढे जे झाले त्याने तो खोटा ठरत नाही.

सरकारी फौज टेकडीवरून पळाली, पण शहरातून गेली नाही. त्यांनी विमानांवर डागायची एक तोफ ओढत आणली आणि थेट आमच्या अंगणात, क्लोरीनच्या शेडला टेकवून उभी केली. इथे कोणी बॉम्ब टाकणार नाही, असा त्यांचा हिशेब. क्लोरीनबाई त्यांच्या अंगावर धावून गेल्या. "अहो, आत काय आहे ठाऊक आहे का? उतारावर शाळा आहे, वस्ती आहे!" एका शिपायाने त्यांना ढकलून दिले.

मिस्त्रींनी संच लावला. मी शब्द न् शब्द ऐकला. "पाहुणे, नीट ऐका. पंपघराच्या अंगणात तोफ आलीये. पण इथं बॉम्ब टाकू नका. शेजारी क्लोरीन आहे. तीन मोठी सिलिंडर. टाकू नका. कळलं का?"

"नोंद झाली," आवाज म्हणाला.

मिस्त्रींनी ते तीन वेळा वदवून घेतले. तीनदा तो म्हणाला, नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री लेकीच्या घराचा फुटलेला नळ जोडायला खालच्या शहरात गेले. पंपघरात क्लोरीनबाई एकट्या होत्या. त्यांनी नुकताच पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेतला होता आणि उजेडात धरून बघत होत्या. तेवढ्यात आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला.

भिंत आत आली. माझे कवच तडकले, दांडा वाकला. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी चालू असताना थांबलो. धुरातून मला अंगण दिसले. तोफ होती तिथे नुसता खड्डा होता. नेम इतका अचूक, की खड्ड्यापासून चार हातांवरचा नळसुद्धा उभा होता. आणि शेडमधून हिरवट पिवळा ढग बाहेर पडून जमिनीला धरून सरपटत उताराकडे निघाला होता.

क्लोरीनबाई उठल्या. कपाळातून रक्त येत होते. वायूपासून वाचवणारा मुखवटा भिंतीखाली गाडला गेला होता. त्यांनी आपला कोट पाण्यात बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि शेडमध्ये शिरल्या. दोन सिलिंडरचे नळ तुटले होते. त्यांचे व्हॉल्व्ह त्यांनी पान्ह्याने बंद केले. तिसऱ्याच्या अंगालाच चीर गेली होती आणि तिच्यातून दाबाने द्रव झालेले क्लोरीन गळत होते. चीर वर आली तर नुसता वायू येतो आणि पुष्कळच कमी येतो, हे त्यांना माहीत होते. ते जड धूड त्यांनी पहारीने रेटून रेटून फिरवले. एकटीने. शेडबाहेर येऊन त्यांनी उताराकडे हात करून ओरडायचा प्रयत्न केला. आवाज फुटला नाही. मग त्या तिथेच बसल्या.

उतारावरची शाळा वाचली. शाळेच्या वरच्या अंगाची सात घरे नाही वाचली. क्लोरीनबाई दवाखान्यात तीन दिवस श्वासासाठी झगडल्या आणि गेल्या.

मिस्त्री आले तेव्हा ढग विरला होता. ते माझ्याजवळ आले, थंड पडलेल्या बेअरिंगवर हात ठेवला. मग संचाकडे गेले. संच शाबूत होता. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं."

दोन आठवड्यांनी तह झाला. बाहेरच्या देशांनी मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर केले आणि विमाने परत गेली. एक परका अधिकारी कागदांची पिशवी घेऊन पंपघर बघायला आला. त्याचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमची सूचना आमच्याकडे होती. नोंद होती. पण ती एका टेबलावर होती, आणि नेम ठरवणारे दुसऱ्या टेबलावर."

मित्रांनो, मी ऐकले ते बरोबर ऐकले ना, असे मला आजही वाटते. दुसऱ्या टेबलावर! माझ्या वीस वर्षांत, दोन नळांपैकी एकाचे पाणी चुकून दुसऱ्यात गेले असते, तर मिस्त्रींनी मला भंगारात काढले असते.

मी बंद पडलो म्हणून दोन्ही काठांची माणसे कालव्याचे पाणी पिऊ लागली. हगवण पसरली. मिस्त्रींच्या लेकीची सासू त्यात गेली. आणखी कितीतरी गेले, त्यातली बरीच लेकरे. त्यांची नोंद कोणत्याच टेबलावर झाली नाही, कारण तोवर युद्ध संपलेले होते.

सहा महिन्यांनी एक परकी इंजिनियर बाई आली, जुनी हत्यारांची पेटी घेऊन. ज्या देशाची विमाने होती, त्याच देशाची. तिने माझी चीर तपासली, तिच्यावर ओळीने भोके पाडली आणि लोखंडाच्या खिळ्यांनी मला शिवले. नवा दांडा बसवला. मिस्त्री तिला पान्हे देत होते. आठव्या दिवशी तिने हात पुसले आणि दुभाष्यातर्फे विचारले, "आम्ही यायला नको होतं का?"

मिस्त्रींनी आधी मला सुरू केले. माझा आवाज ऐकला. मग म्हणाले, "माझी लेक जिवंत आहे ती तुमच्यामुळे. आणि आमच्या बाई गेल्या त्याही तुमच्यामुळे. तुमच्या देशात हे सांगाल तेव्हा दोन्ही सांगा. सोयीचं तेवढंच सांगू नका."

दुभाष्याने सांगितले. ती रडली नाही, तिने वादही घातला नाही. तिने वही काढली आणि विचारले, "बाईंचं पूर्ण नाव काय?" मिस्त्रींना ते सांगायला पगारपत्रक शोधावे लागले.

आता मी पूर्वीच्या निम्म्या जोराने चालतो. पण दोन्ही काठांना चालतो. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी तुमच्याही देशाला कोणीतरी दुरून हाक मारील आणि तुमच्यातले काही त्या सभागृहात बसतील. जावे की न जावे, हे मी एका पंपाने काय सांगावे? पण एक विनवणी आहे. जाणार नसाल, तर गोळे मोजत बसलेल्या त्या माणसाला तीन महिने खोटी आशा लावू नका. आणि जाणार असाल, तर त्याने सांगितलेले प्रत्येक वाक्य नेम धरणाऱ्याच्या कानापर्यंत स्वतः चालत जाऊन पोचवा. नेम धरण्याआधी विचारा, या गावाला पाणी कुठून येते? तिथे आज कामावर कोण आहे?