जागचा हललेला मायक्रोफोन

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफोन आहे. आता अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका चर्चच्या अडगळीत, भजनांच्या फाटक्या पुस्तकांशेजारी पडून असतो. पण एके काळी दर शनिवारी भर दुपारी अख्खं खोरं जेवणं अर्धवट टाकून माझ्यातून येणारं गाणं ऐकत असे.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला खरी अक्कल आली ती आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात, स्लोन मंडळींमुळे. ते ब्लूग्रास नावाचं डोंगरी संगीत वाजवत. त्यातलं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या पणजोबांचं, बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा, सुरात सूर मिसळण्याची सवय चर्चमधली आणि दुःख कोळशाच्या खाणीतलं. ढोल नाहीच. मँडोलिनच्या तारांवर खटका मारून ताल धरायचा. वेग असा, की नवख्याची बोटं सोलवटून निघतील.

पाच वादकांत मिळून मायक्रोफोन मी एकटाच. मी जागचा हलत नसे, माणसंच माझ्याकडे येत. ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, वाजवून झालं की बाजूला सरकायचं. बँजोवाल्या ईलायने एकदा फिडलचा गज नाकावर खाल्ला, पण तोही स्वतःच्या चुकीने. इतकी समजूतदार माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

मँडोलिन वाजवणारा होबर्ट स्लोन त्यांचा म्होरक्या. सगळ्यांच्या वरचा सूर त्याचा. तो लागला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. त्याची धाकटी बहीण वर्डी मागे उभी राहून डबल बेस वाजवी. ते वाद्य तिच्याहून उंच. ते घेऊन पुढे येणं अवघड, म्हणून तिला कोणी गायला सांगितलंच नाही. ती मागे हळूच गात असे. ते फक्त मला ऐकू येई.

मग आठवडाभर खाणीत राबणाऱ्या होबर्टचा गळा कोळशाच्या धुळीने बसला. आमच्या कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या पिठाच्या गिरणीचा मालक म्हणाला, येत्या शनिवारी वरचा सूर लागला नाही, तर दुसरी मंडळी बोलावतो.

शनिवारी कार्यक्रमाआधी वर्डीने विचारलं, "दादा, वरचा सूर मी लावू का?"

"तू तुझा बेस सांभाळ, बाई. गाण्याचं मी बघतो."

त्याने बघितलं. शेवटच्या गाण्यात तो पुढे आला, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली. ईलाय बँजो वाजवत राहिला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात मागून तोच सूर आला, बारीक पण स्वच्छ. होबर्ट वळला. मग त्याने वायरीसकट मला उचललं आणि नेऊन वर्डीसमोर ठेवलं.

"गा गं वर्डी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "इतकी वर्षं मीच वाट अडवून उभा होतो." हे सगळ्या खोऱ्याने ऐकलं, कारण मी चालूच होतो.

वर्डी गायली. होबर्ट तिच्या बाजूला उभा राहून मँडोलिनवर ताल देत राहिला, आणि त्याचे डोळे वाहत होते. गिरणीच्या मालकाने पुढे कधी तक्रार केली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणी मागे उभं राहून हळूच गात असेल, तर ते माणूस पुढे येईल म्हणून वाट बघत बसू नका. मला उचला आणि त्याच्यापाशी न्या.