मोजलेलं शून्य

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भुंगा म्हणतात. एकदा कशाच्या मागे लागला की हात धुवून लागतो. आरोग्य खात्यात त्याला नोकरी मिळाली तीही त्याला शोभेल अशीच. दर सोमवारी सगळ्या दवाखान्यांकडून चिठ्ठ्या गोळा करायच्या: आठवड्यात कावीळ किती, गोवर किती, कॉलरा किती. एकही रुग्ण नसेल तर शून्य लिहायचं, पण चिठ्ठी हवीच. नाही आली की याचा फोन आलाच.

मी एकोणीस वर्षं एका डॉक्टरांकडे काउंटर सांभाळते. आमची चिठ्ठी मीच भरते. बहुतेक वेळा शून्यच लिहायचं, म्हणून मी एक सोय काढली होती. महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या चिठ्ठ्या शून्य घालून भरायच्या, डॉक्टरांच्या सह्या घ्यायच्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. सोमवार आला की एक पाठवायची. खोटं कशाला बोलू, मला माझ्या हुशारीचं कौतुक होतं.

एका सोमवारी गर्दीत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. दुपारी भुंगा स्वतःच दवाखान्यात हजर.

"ताई, ही पुढच्या सोमवारची आहे. पुढच्या आठवड्यात कोणी आजारी पडणार नाही, हे तुला आजच कळलं? ज्योतिष कधी शिकलीस?"

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

"रजिस्टर दे."

"पेशंट ताटकळलेत, दिसत नाही का तुला?"

"दे म्हणतोय ना."

इंजेक्शनच्या खोलीत स्टुलावर बसून तो एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. तीन आठवड्यांत काविळीची पाच मुलं निघाली. पाचही नावं माझ्याच अक्षरात होती. वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली, आणि मी ती एकदाही एकत्र पाहिली नव्हती.

"गल्ल्या वेगळ्या," तो स्वतःशीच म्हणाला. "मग ही पाणी एकत्र पितात कुठे?"

हे रजिस्टरात नव्हतं, पण माझ्याकडे होतं. नंबर येईपर्यंत सगळ्या आया माझ्याशीच बोलतात.

"अरे, ही पाचही गणिताच्या एकाच शिकवणीला जातात. लॉन्ड्रीच्या वर."

तो तडक उठला. संध्याकाळच्या आत शिकवणीची टाकी बंद झाली. टाकीत येणारा पाइप गटारातून गेला होता आणि तिथेच चिरला होता. बासष्ट मुलं ते पाणी पीत होती. बासष्ट घरी भुंग्याने फोन केले. पुढे आणखी दोघांना कावीळ झाली, पण त्यांच्या आया पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन आल्या. सातही मुलं बरी झाली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्याआधी अहवाल लिहायचा होता. तो माझ्या घरी आला.

"ताई, तीन चिठ्ठ्या न मोजता पाठवल्या, हे लिहावं लागेल. कोणी पाठवल्या तेही."

"सख्ख्या बहिणीचं नाव घालणार? माझी नोकरी जाईल, भुंग्या!"

"पुढचा दवाखाना तरी असं करणार नाही."

मी नको नको ते बोलले. कडेवर खेळवल्यापासूनचा सगळा पाढा वाचला. तो मान खाली घालून लिहीत राहिला. त्याने एक अक्षर गाळलं नाही. रागाने लाल झाले होते मी, आणि त्याच रागात मला त्याचा अभिमानही वाटला.

डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"सह्या माझ्या आहेत, बाई. मीही डोळे झाकूनच केल्या." माझ्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. "आता तो ड्रॉवर रिकामा करा."

नोकरी राहिली. आता सोमवारी मी अर्धा तास लवकर येते आणि आठवड्याचं रजिस्टर ओळ न ओळ वाचते. परवा शेवटच्या मुलाची तपासणी झाली आणि पोरगं उड्या मारत घरी गेलं. मी दोनदा मोजलं, मग चिठ्ठी भरून पाठवली. थोड्या वेळाने फोन वाजला.

"ताई, शून्य?"

"शून्य."

"नक्की?"

समोर बाकावर माणसं बसली होती. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "दोनशे चौदा पेशंट मोजून!"